फ्लेमप्रूफचा भरवसा

धोकादायक कारखान्यात कोणता दिवा लावावा, या प्रश्नाचे उत्तर औद्योगिक वसाहतींमध्ये साधारणपणे एका शब्दात दिले जाते : फ्लेमप्रूफ. दुकानदार हा शब्द किमतीला जोडून उच्चारतो, ठेकेदार तो अंदाजपत्रकात लिहितो, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला जाड काचेचा आणि जाड बोल्टांचा ओतीव दिवा छताला टांगलेला दाखवला जातो, आणि प्रकाशयोजनेचा विषय तेथेच मिटतो. सुरक्षितता हा दिव्याचा अंगभूत गुण आहे, तो जादा पैसे मोजून विकत घेता येतो आणि एकदा बसवला की टिकून राहतो, असे या समजुतीमागचे गृहीत आहे.

हे गृहीत उथळ आहे. हवेत मिसळणारा पदार्थ, जागेचे तापमान व वायुवीजन, केबल ज्या तोंडातून आत शिरते ते तोंड आणि दिवा उघडून पुन्हा बंद करणारा हात, या सर्वांचे एकमेकांशी जे नाते असते त्यात सुरक्षितता असते. त्यातला एक दुवा बदलला की तोच दिवा, त्याच प्रमाणपत्रासह, असुरक्षित होतो. म्हणूनच ‘कोणता दिवा’ या प्रश्नाच्या आधी ‘येथे दिवा हवाच का’ हा प्रश्न यायला हवा. आणि जेथे तो हवाच आहे तेथे त्याचा उजेड अपुरा असणे हा सर्वांत कमी चर्चिलेला धोका आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

डिंडोलीतून दिसणारा प्रश्न

सुरतेच्या दक्षिण-पूर्व भागातील डिंडोली ही मुख्यतः राहण्याची वस्ती आहे. उधना–जळगाव रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांशी जोडलेल्या या भागात खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली असून त्यांतील कित्येक माणसे पांडेसरा, उधना आणि सचिन येथील डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये व रसायन कारखान्यांत पाळीने काम करतात. घरात अहिराणी वा मराठी, कारखान्याच्या भिंतीवर गुजराती, सुपरवायझरच्या तोंडी हिंदी आणि दिव्याच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरांची सांकेतिक लिपी, अशा चार भाषांमधून या कामगाराला आपल्या डोक्यावरचा दिवा समजून घ्यावा लागतो. प्रत्यक्षात त्याने तो समजून घ्यावा, अशी कोणाची अपेक्षाच नसते.

येथे धोक्याची कल्पना दूरची नाही. २९ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्यात साठवणटाकीचा स्फोट होऊन आग लागली आणि सात कामगारांचे मृतदेह नंतर आत सापडले. या दुर्घटनेचे खापर दिव्यावर फोडण्याचा येथे हेतू नाही. ज्वलनशील द्रव साठवणाऱ्या जागेत ठिणगीचा प्रत्येक संभाव्य उगम आधीच मोजून ठेवावा लागतो, आणि दिवा हा त्या उगमांपैकी सर्वांत सवयीचा, म्हणून सर्वांत कमी दिसणारा उगम आहे, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यायचे.

१. आधी पदार्थ

टोल्यूइनसारख्या द्रावकाची, म्हणजे बाजारात ज्याला सॉल्व्हन्ट म्हणतात त्याची, वाफ हवेत साधारण १.२ टक्क्यांपासून ७ टक्क्यांपर्यंत असेल तरच पेटते. त्याहून कमी असेल तर इंधन पुरत नाही, जास्त असेल तर ऑक्सिजन पुरत नाही. ही वाफ हवेच्या तिपटीहून जड असल्याने ती छताकडे न जाता जमिनीलगत पसरते, गटारीत उतरते, खड्ड्यात साचते. हायड्रोजन याच्या नेमका उलट वागतो : तो हलका, वर छतापाशी गोळा होणारा आणि ४ ते ७५ टक्क्यांच्या प्रचंड पट्ट्यात पेटणारा. त्यामुळे सॉल्व्हन्टच्या गोदामात छतावरच्या दिव्यापेक्षा जमिनीलगतचा प्लग-सॉकेट अधिक घातक ठरतो, तर हायड्रोजन वापरणाऱ्या विभागात छतालगतचा दिवाच अग्रभागी येतो. दोन्हीकडे सारखेच फिटिंग सारख्याच उंचीवर लावणाऱ्या नकाशात पदार्थाचा विचार झालेला नसतो, हे उघड आहे.

पेटण्यासाठी लागणारी ऊर्जा किती क्षुल्लक असते, याचा अंदाज सहसा नसतो. मिथेन व हवेचे योग्य मिश्रण ०.२८ मिलिज्यूल ऊर्जेच्या ठिणगीने पेटते. एक ग्रॅम वजनाचा मणी तीन सेंटिमीटरवरून पडताना जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढीच ही ऊर्जा. हायड्रोजनला याच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतकी पुरते. घरगुती स्विच दाबताना आत चमकणारी निळसर ठिणगी या मानाने कितीतरी मोठी असते. डिंडोलीतील कोणत्याही स्वयंपाकघरात गॅसचा वास आल्यावर बटण दाबायचे नाही, लावायचेही नाही आणि बंदही करायचे नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते; तेच ज्ञान कारखान्याच्या गेटातून आत शिरताना मात्र बाहेरच राहते.

सर्वच धोके वाफेचे नसतात. पॉलिएस्टर कापड डिस्पर्स रंगांनी रंगवल्यानंतर वर उरलेला रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोड्यासोबत सोडिअम हायड्रोसल्फाइट वापरतात. मिलमध्ये त्याला नुसते ‘हायड्रो’ म्हणतात. या पावडरीला ओल लागली की ती आपोआप तापते आणि पेटूही शकते. हायड्रोच्या कोठीत कितीही महाग फ्लेमप्रूफ दिवा लावला आणि छप्पर गळके ठेवले, तर तो खर्च भलत्याच शत्रूविरुद्ध झाला असे म्हणावे लागते.

२. मग जागा

भारतीय मानकांत, जी आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या मानकांशी जुळवून घेतलेली आहेत, धोकादायक जागेचे तीन क्षेत्रांत वर्गीकरण केले जाते. स्फोटक मिश्रण सतत किंवा दीर्घकाळ असते ते क्षेत्र शून्य, उदाहरणार्थ सॉल्व्हन्टच्या टाकीचा आतला रिकामा भाग. नेहमीच्या कामकाजात ते अधूनमधून निर्माण होऊ शकते ते क्षेत्र एक, जसे रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलभोवतीची किंवा ड्रम भरण्याच्या तोंडाभोवतीची जागा. आणि नेहमीच्या कामात ते अपेक्षित नसते, झालेच तर थोडा वेळ टिकते, ते क्षेत्र दोन. धुळीसाठी हीच विभागणी वीस, एकवीस आणि बावीस अशा क्रमांकांनी होते. क्षेत्र एकसाठी योग्य असलेला दिवा क्षेत्र शून्यात चालत नाही; तेथे मुळात कायमचा दिवा टांगण्याचा विचारच चुकीचा असतो.

हे वर्गीकरण कागदावर ठरते आणि हवेवर अवलंबून राहते, ही त्यातली खरी मेख आहे. चारी बाजूंनी उघड्या सांगाड्यावर बसवलेल्या पंपाभोवती क्षेत्र दोनचा लहानसा घेर पुरतो. तोच पंप बंद खोलीत असला तर संपूर्ण खोली क्षेत्र एक धरावी लागू शकते. आता सुरतेच्या पावसाळ्याचा विचार करावा. जूनमध्ये वाऱ्यासोबत पाऊस आत येऊ लागला की उघड्या शेडच्या बाजूंना ताडपत्री बांधली जाते किंवा पत्रे ठोकले जातात, आणि चार महिने ती जागा खोली बनते. दिवे तेच, प्रमाणपत्रे तीच, नकाशावरचा घेरही तोच. बदलली आहे ती फक्त हवा. ताडपत्रीच्या दोरीला गाठ मारणाऱ्या मजुराने त्या क्षणी विद्युत वर्गीकरणच बदलून टाकलेले असते आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

याच तर्काने उलटा मार्गही खुला होतो. भिंतीतला एक पत्रा काढून जाळी बसवणे, पंप खोलीबाहेर नेणे, ड्रम उघडण्याच्या जागी वाफ ओढून घेणारा पंखा लावणे यांनी क्षेत्राचा घेर घटतो आणि त्यासोबत विशेष दिव्यांची गरजही घटते. दिवा धोकादायक जागेच्या बाहेर ठेवून भिंतीत हवाबंद बसवलेल्या काचेतून उजेड आत टाकणे ही युक्ती जुनी आहे, तिला प्रतिष्ठा नाही, कारण तिच्यात विकण्यासारखे फारसे काही नाही. स्विचबोर्डचेही तसेच. तो दाराबाहेर सुरक्षित जागेत नेला की ठिणगीचा सर्वांत नित्याचा उगम खोलीतून निघून जातो, आणि त्यासाठी चार मीटर वायर लागते.

३. पट्टीवरची लिपी

जागा ठरल्यानंतरच दिव्याकडे वळावे, आणि दिव्याकडे वळल्यावर प्रथम त्याच्या अंगावरची धातूची पट्टी वाचावी. तिच्यावर ‘ईएक्स डीबी आयआयसी टी-फोर जीबी’ अशा अर्थाची अक्षरे इंग्रजीत कोरलेली असतात. ‘ईएक्स’ म्हणजे स्फोटक वातावरणासाठी घडवलेले साधन. ‘डी’ म्हणजे फ्लेमप्रूफ हा संरक्षणाचा प्रकार. त्याऐवजी ‘ई’ असेल तर ठिणगी वा अतिउष्णता निर्माणच होऊ नये अशी वाढीव काळजी घेतलेली रचना, ‘आय’ असेल तर परिपथातील ऊर्जाच इतकी मर्यादित केलेली की ठिणगी पडली तरी मिश्रण पेटणार नाही. पुढचा ‘बी’ आणि शेवटचे ‘जीबी’ संरक्षणाची पातळी सांगतात. ‘जीबी’ क्षेत्र एक व दोनसाठी पुरेशी असते.

मधले ‘आयआयसी’ हे वायूंच्या गटाचे नाव आहे. प्रोपेनसारखे वायू ‘ए’ गटात, इथिलीन ‘बी’ गटात, हायड्रोजन व अ‍ॅसिटिलीन ‘सी’ गटात मोडतात. ‘सी’ सर्वांत कठोर. ‘टी-फोर’ हा तापमानाचा वर्ग असून दिव्याच्या पृष्ठभागाचे तापमान १३५ अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही, अशी हमी त्यात असते. ‘टी-थ्री’ला ही मर्यादा २००, ‘टी-सिक्स’ला ८५. ठिणगीशिवायही, केवळ तापलेल्या पृष्ठभागामुळे वाफ पेटू शकते, म्हणून हा वर्ग वेगळा द्यावा लागतो. टोल्यूइन सुमारे ४८० अंशांवर पेटते. कार्बन डायसल्फाइडला शंभर अंशांच्या आसपासचे तापमान पुरते. ‘आमचा दिवा फ्लेमप्रूफ आहे’ एवढ्या वाक्यात यांपैकी फक्त एका अक्षराचा उल्लेख असतो. बाकीच्या अक्षरांविषयी विचारले असता दुकानदार बहुधा ‘सगळ्याला चालतो’ असे सांगतो. ते खरेही असू शकते, पण पट्टी वाचल्याखेरीज ते कळत नाही.

देशात अशा साधनांना पेट्रोलियम नियमांखाली मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. १८९८ पासून चालत आलेल्या स्फोटक विभागाचे हे आजचे रूप. तिची मान्यता विशिष्ट रचनेच्या साधनाला मिळते, कारखान्याला नव्हे.

४. फ्लेमप्रूफ म्हणजे नेमके काय

या शब्दाने सर्वांत मोठा गैरसमज रूढ केला आहे. फ्लेमप्रूफ पेटीत वायू शिरतच नाही, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो शिरतो, आणि शिरणार हे गृहीत धरूनच पेटी घडवलेली असते. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते व थोडी बाहेर पडते. बंद झाला की ती आकसते आणि बाहेरची हवा, तिच्यातील वाफेसकट, आत ओढली जाते. दिवा असा रोज श्वास घेतो. आत स्फोट झालाच तर पेटीने तो सोसावा आणि बाहेर पडणारा तप्त वायू झाकण व पेटी यांच्यामधल्या अरुंद, घासून गुळगुळीत केलेल्या फटीतून जाताना इतका निवावा की बाहेरचे मिश्रण पेटू नये, हे या रचनेचे तत्त्व आहे. या फटीला ज्योतमार्ग म्हणता येईल. प्रयोगात मिथेनसाठी सुमारे १.१४ मिलिमीटरपर्यंतची फट ज्योतीला अडवते, इथिलीनसाठी ०.६५ आणि हायड्रोजनसाठी जेमतेम ०.२९; प्रत्यक्ष दिव्यात याहून बारीक फट ठेवतात. तिसऱ्या टप्प्यातील ‘ए’, ‘बी’, ‘सी’ गटांचा अर्थ येथे उलगडतो : तो फटीच्या मापाचा अर्थ आहे.

एकदा हे तत्त्व समजले की मेन्टेनन्सच्या नित्याच्या सवयी वेगळ्याच दिसू लागतात. झाकणाच्या आठ बोल्टांपैकी दोन हरवले म्हणून सहावर भागवणे म्हणजे स्फोटाच्या दाबाने झाकण एका बाजूने उचलले जाण्याची व्यवस्था करणे. पावसाचे पाणी आत जाते म्हणून ज्योतमार्गावर सिलिकॉन किंवा एम-सील थापणे, रंगकाम करताना त्यावरून ब्रश फिरवणे, बसत नसलेले झाकण स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणे आणि धातूवर ओरखडा पाडणे, यांतील प्रत्येक कृती काळजीपोटी किंवा घाईपोटी होते आणि प्रत्येकीने प्रमाणपत्र रद्दबातल होते, जरी पट्टी जागेवर चमकत असली तरी.

केबल आत शिरते त्या तोंडाला बसवायचे साधन म्हणजे ग्लँड. दिव्यावर हजारो रुपये खर्चून त्याला साधा बाजारू ग्लँड लावणे, किंवा न वापरलेल्या दुसऱ्या तोंडात प्लॅस्टिकचा बूच ठोकून वर टेप गुंडाळणे, हे इतके सर्रास दिसते की त्याला दोष म्हणून कोणी ओळखतही नाही. दार-खिडक्यांना कुलपे लावून मागची भिंत मोकळी ठेवण्यासारखा हा प्रकार आहे. कुशल तपासनीस दिव्याच्या काचेकडे पाहण्याआधी ग्लँडकडे पाहतो.

धुळीच्या बाबतीत तत्त्व पूर्ण उलटे होते. बॉयलरला कोळसा पुरवणाऱ्या हॉपरभोवती उडणाऱ्या भुकटीसाठी जो दिवा घडवतात, त्यात धूळ शिरूच द्यायची नसते. म्हणजे एकच माणूस ‘फ्लेमप्रूफ’ म्हणून जो दिवा सॉल्व्हन्टच्या कोठीतून काढून कोळशाच्या कोठीत लावतो, तो दोन परस्परविरोधी तत्त्वांमध्ये त्याची बदली करतो. दिव्यावर साचलेल्या थराचाही हिशेब असतो : धुळीच्या ढगाचे प्रज्वलन-तापमान असेल त्याच्या दोनतृतीयांशाहून, आणि पाच मिलिमीटर थराच्या प्रज्वलन-तापमानापेक्षा किमान ७५ अंशांनी, दिव्याचा पृष्ठभाग थंड राहिला पाहिजे. थर जाड झाला की हा हिशेब कोसळतो, कारण धूळ रजईसारखी उष्णता आत कोंडते. त्यामुळे कोळशाच्या कोठीतील दिव्याची सुरक्षितता अर्ध्याहून अधिक झाडूवर अवलंबून असते.

५. चाळीस अंशांची अट

पट्टीवर वेगळे काही लिहिलेले नसेल तर साधन उणे २० ते अधिक ४० अंश सेल्सिअस या परिसर-तापमानासाठी तपासलेले आहे, असे मानक सांगते. सुरतेत उन्हाळ्यात सावलीतच पारा चाळिशी गाठतो. पत्र्याच्या छताखाली, कापड ताणून सुकवणाऱ्या स्टेंटरच्या किंवा तेल तापवणाऱ्या थर्मोपॅकच्या शेजारी, दिवा ज्या उंचीवर असतो तेथे तापमान त्याहून बरेच वर जाते. अशा जागी ‘टी-फोर’ची १३५ अंशांची हमी लागू राहत नाही, उत्पादकाने ५० किंवा ५५ अंशांसाठी तपासलेला दिवा मागावा लागतो. थंड युरोपात लिहिल्या गेलेल्या एका पूर्वनिश्चित ओळीचा भार दक्षिण गुजरातच्या छपराखाली कसा बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे, आणि खरेदीच्या कागदांत या ओळीचा उल्लेख सापडणे दुर्मीळ असते.

६. अंधाराचा धोका

येथवरचे विवेचन दिव्यामुळे होणाऱ्या धोक्याचे होते. दिव्याच्या अभावामुळे होणारा धोका त्याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्याचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे.

इंग्लंडमधील फेलिंग या कोळसाखाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ माणसे व मुले मेल्यानंतर सुरक्षित दिव्याचा शोध सुरू झाला आणि १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असलेला दिवा सिद्ध केला. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेई. फ्लेमप्रूफ पेटीच्या फटीचे तत्त्व तेच आहे. परंतु या दिव्यानंतर खाणींतील मृत्यू अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. वायूमुळे सोडून दिलेले भाग दिव्याच्या भरवशावर पुन्हा खोदायला घेतले गेले, हवा खेळती ठेवण्याच्या खर्चात काटकसर झाली, आणि जाळीतून येणारा उजेड इतका मंद होता की दिसत नाही म्हणून खाणकामगार दिवा उघडत असत. शेवटी दिव्यांना कुलूप लावावे लागले.

आजच्या कारखान्यात तो उघडा दिवा म्हणजे मोबाइलची टॉर्च. रिअ‍ॅक्टरमधली पातळी पाहायची, टाकीच्या तळाशी गाळ किती आहे ते बघायचे, ड्रमवरचे लेबल वाचायचे, गळणारा जोड शोधायचा, आणि वरचा मंजूर दिवा काळवंडलेल्या काचेमुळे तेथपर्यंत उजेड पोहोचवत नाही. अशा वेळी हात आपोआप खिशाकडे जातो. मॅनहोलचे झाकण उचलून क्षेत्र शून्याच्या थेट तोंडावर धरला जाणारा हा दिवा कोणत्याही आराखड्यात नसतो, कोणी मंजूर केलेला नसतो, त्याची बॅटरी कधी पडली-आपटली हे कोणाला ठाऊक नसते. मोबाइलमुळे स्फोट होण्याची शक्यता किती, यावर वाद घालता येईल. पण लाख रुपयांच्या प्रकाशयोजनेच्या खाली प्रत्यक्ष काम मात्र अप्रमाणित दिव्याच्या उजेडात चालते, ही विसंगती वादातीत आहे. निष्काळजीपणा हे तिचे कारण म्हणून सांगणे सोपे आहे. खरे कारण उजेडाच्या नियोजनात आहे : दिव्यांची संख्या खोलीच्या चौरसफुटांवरून ठरवली जाते, डोळ्याला जेथे पाहायचे असते त्या बिंदूवरून ठरवली जात नाही. पातळी पाहण्याच्या काचेमागे एक प्रमाणित दिवा असता तर खिशातला दिवा बाहेर आला नसता.

जळालेला दिवा बदलायला उत्पादन थांबवावे लागते म्हणून तो महिनोन्‌महिने तसाच राहतो, हेही याच साखळीत मोडते. चमक, सावली आणि लुकलुक यांचेही तसेच. पन्नास हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकणाऱ्या हलक्या दिव्याखाली फिरते यंत्र थांबल्यासारखे भासू शकते, आणि तेथे जाणारे बोट स्फोटाच्या आकडेवारीत कधी येत नाही.

७. मुका दिवा

डेव्हीच्या दिव्याचा एक गुण विजेच्या दिव्याने गमावला. खाणीत मिथेन असेल तर त्याच्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढे आणि तिच्या उंचीवरून वायूचे प्रमाण कळे. ऑक्सिजन कमी असेल तर ज्योत मंदावून विझे. तो दिवा प्रकाशही देत होता आणि साक्षही देत होता. एलईडी दिवा मात्र विषारी वायूत, ऑक्सिजन नसलेल्या टाकीत, स्फोटक मिश्रणात, सर्वत्र सारखाच शुभ्र उजेड देतो.

६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रासायनिक सांडपाण्यातून विषारी वायू पसरला आणि लगतच्या मिलमधील सहा कामगार मरण पावले. तेथे काही पेटले नव्हते; दिव्यांचा त्यात काही संबंध नव्हता. उजळलेली जागा ही सुरक्षित जागा आहे, अशी जी सहज भावना माणसाच्या मनात असते, तिला या घटनेने पुरेसे उत्तर दिले आहे. ज्योतीची साक्ष गेली तेव्हा तिची जागा वायुमापकाने घेणे आवश्यक होते. बहुसंख्य लहान कारखान्यांत दिवा बदलला, साक्षीदाराची जागा रिकामी राहिली.

८. आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा. लहान कारखानदाराला एवढे शास्त्र परवडत नाही, असे म्हटले जाते. वस्तुतः वर सुचवलेल्या उपायांतील निम्मे उपाय खर्च कमी करणारे आहेत : स्विच बाहेर नेणे, भिंत उघडी करणे, काचेतून उजेड घेणे, बोल्ट पुरे लावणे. महाग पडते ते विचार न करता सगळीकडे ‘सी’ गटाचा फ्लेमप्रूफ दिवा टांगणे, कारण जेवढे दिवे तेवढे बोल्ट, तेवढे ग्लँड आणि तेवढी वार्षिक तपासणी, जी मग कोणाचीच होत नाही. अतिसावधगिरीने आलेली ही बेफिकिरी ओळखायला अवघड असते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा : एलईडी थंड असतो, मग साधा वॉटरप्रूफ एलईडी का नको? एलईडीची काच थंड असली तरी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे पुरवठा नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, तापतो. सैल जोडातून ठिणगी पडायला एलईडी वा जुना बल्ब असा भेद नसतो. आणि पाणी अडवणारी रबरी पट्टी वाफ अडवत नाही. जुन्या फ्लेमप्रूफ दिव्याच्या पेटीत बाजारातला एलईडी बल्ब फिरवून बसवणेही योग्य नव्हे, कारण प्रमाणपत्र ज्या प्रकारच्या दिव्यासाठी दिलेले असते त्यापुरतेच ते असते.

‘वीस वर्षे काही झाले नाही’ हा तिसरा आक्षेप फार काळ थांबण्याजोगा नाही. गळती आणि ठिणगी एका क्षणी भेटावी लागतात. वीस वर्षे त्या भेटल्या नाहीत, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

चौथा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो येथील प्रतिपादनावरच उलटतो. क्षेत्रांची आखणी नेहमीच्या गळतीवर बेतलेली असते. मोठी गळती नकाशा पाहून थांबत नाही. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळच्या सीतापुरा येथील तेलसाठ्यात पेट्रोलची गळती सुमारे सव्वा तास चालू राहिली, वाफेचा ढग आवारभर पसरला आणि स्फोटात अकरा जण मृत्युमुखी पडले. चौकशी समितीने ठिणगीच्या संभाव्य उगमांत प्रशासकीय इमारतीतील फ्लेमप्रूफ नसलेल्या विद्युत उपकरणांचा किंवा आवारात सुरू केलेल्या वाहनाचा निर्देश केला. कचेरीत फ्लेमप्रूफ दिवे कोणीच लावत नाही, आणि लावावेत असेही नाही. तेव्हा जागेनुसार दिवा निवडण्याच्या पद्धतीला मर्यादा आहे, हे मान्य करावेच लागते. ती मर्यादा कोणत्याही दिव्याने ओलांडता येत नाही. ती झडपेने, पातळीच्या इशाऱ्याने आणि वायुमापकाने ओलांडावी लागते. दिव्यावर सर्व भार टाकणाऱ्या समजुतीविरुद्ध याहून सबळ पुरावा देता येणार नाही.

९. चोवीस व्होल्टचा गैरसमज

कायद्याने या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ३६-अ मध्ये टाकी, खड्डा, नळ अशा बंदिस्त जागेत पुरेशा सुरक्षा साधनांविना २४ व्होल्टहून अधिक दाबाचा हातदिवा नेण्यास मनाई होती, आणि ज्वलनशील वायू, वाफ वा धूळ असण्याचा संभव असेल तर फ्लेमप्रूफ रचनेखेरीज दुसरा दिवा वापरण्यास वेगळी मनाई होती. अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला असला तरी या दोन वाक्यांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिले वाक्य ओल्या लोखंडी टाकीत उभ्या माणसाला विजेच्या झटक्यापासून वाचवते. दुसरे स्फोटापासून वाचवते. व्यवहारात पहिलेच लक्षात राहिले, आणि २४ व्होल्टचा साधा हँडलॅम्प सर्व धोक्यांवरचा उतारा मानला गेला. जणू कमी व्होल्टची ठिणगी वाफेला ओळखत नाही.

बऱ्याच कारखान्यांनी आता मोबाइल गेटवर जमा करून घेण्याचा नियम केला आहे, आणि तो योग्यच आहे. डिंडोलीहून रात्रपाळीला आलेल्या कामगाराने मोबाइल खणात ठेवताना समोरच्या माणसाला एवढे अवश्य विचारावे की मॅनहोलमध्ये वाकून पाहायची वेळ आली, तर त्याऐवजी हातात कोणता दिवा मिळणार आहे, आणि त्याच्या पट्टीवर काय लिहिलेले आहे.